वारा किती वाजता फिरणार?

शंकेखोर : फेब्रुवारीअखेरचा अंदाज वाचला. सार एवढंच, की कोकण-गोव्यात पुढचे दोन आठवडे कमाल तापमान सरासरीहून चढं राहण्याची शक्यता जास्त, पाऊस जवळपास नाही, रात्रीचा गारवा ओसरणार. यात खोटं काहीच नाही, आणि माझी तक्रार तीच आहे. डहाणूपासून काणकोणपर्यंत सगळ्यांना एकदम लागू पडेल असं वाक्य लिहायचं म्हटलं, की ते खोटं पडायला जागाच राहत नाही. शिमगा जवळ आला की उकडायला लागतं, हे सांगायला उपग्रह कशाला हवा? माझी हापूसची कलमं कातळावर आहेत. एकाच कलमावर आज तीन वयांचा माल आहे. नोव्हेंबरच्या मोहोराची अंड्याएवढी फळं, जानेवारीच्या मोहोराची कणी, आणि थंडी लांबल्यामुळे त्याच फांद्यांना पुन्हा फुटलेला मोहोर. मोठं फळ ऊन सोसतं, कणी सोसत नाही, मोहोराला ढग खपत नाहीत. या तिघांना मिळून तुमचं पत्रक एकच वाक्य देतं.

हवामानवेडा : तुम्ही दोन आठवड्यांच्या अंदाजाला उद्याचा प्रश्न विचारताय. हवामान खातं दर गुरुवारी जो विस्तारित अंदाज काढतं, तो हवामान-उपविभागाचा कल सांगतो. देशाचे असे ३६ उपविभाग आहेत आणि कोकण-गोवा त्यातला एक. जिल्ह्यात काय होईल ते रोजच्या पाच दिवसांच्या अंदाजात येतं, आणि पिकाशी त्याची सांगड मंगळवारी-शुक्रवारी निघणाऱ्या कृषी सल्ल्यात घालतात. शिवाय शिमग्याला उकडतं असं तुम्ही म्हणालात, ते दर वर्षी तसं नसतं. फेब्रुवारीचे शेवटचे दिवस कोकणात निदान तीन तऱ्हांनी जातात. उत्तरेकडून पश्चिमी झंझावात सरकला, की त्याच्या मागून थंड कोरडी हवा खाली येते. पहाटे पांघरूण ओढावंसं वाटतं आणि कलमांना पुन्हा मोहोर फुटतो. तोच झंझावात जरा दक्षिणेला घसरला आणि त्याने अरबी समुद्रावरचा ओलावा ओढला, तर मळभ येतं, एखादी अवकाळी सर पडते, तुडतुडा वाढतो, भुरी धरते. झंझावात आलाच नाही आणि मध्य भारतावर हवेचा दाब चढा राहिला, तर घाटावरून पूर्वेचं कोरडं वारं सुटतं आणि पारा चढतो. या तिन्हींपैकी कोणता फेब्रुवारी वाट्याला येतोय, याचा कल आठ-दहा दिवस आधी कळणं ही लहान गोष्ट नाही. पंचांगात पावसाची नक्षत्रं आहेत, या दिवसांसाठी तसं काही नाही.

शंकेखोर : पंचांगाची बाजू मी घेणार नाही, आणि आजोबांना वाऱ्याच्या वासावरून सगळं कळायचं असलंही काही सांगणार नाही. आजोबाही चुकायचे, त्यांच्या चुका कुणी लिहून ठेवल्या नाहीत, इतकंच. माझा प्रश्न वेगळा आहे. कोणता फेब्रुवारी येतोय हे कळलं, मग मी करू काय? कृषी विद्यापीठाची शिफारस आहे, की फळं वाटाण्याएवढी झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी कलमाला दीडशे ते दोनशे लिटर पाणी द्या, बुंध्याभोवती गवताचं आच्छादन करा. शिफारस चांगली आहे. आता पाचशे कलमांची बाग धरा. एका पाळीला पाऊण लाख लिटर पाणी झालं. कातळावर विहीर नाही, म्हणजे दहा हजार लिटरचे सात-आठ टँकर चढावर न्यायचे. ते नेले आणि उष्णतेची लाट आलीच नाही, तर पैसे कातळात मुरले. असं झालंही आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत खात्याने कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला आणि लगेच मागे घेतला. कारण काय, तर खारा वारा येणार. अहो, खारा वारा इथे रोज येतो. त्याचं येणं हे इशारा मागे घ्यायचं कारण होऊ शकतं, तर इशारा देताना तो विसरला होता का?

हवामानवेडा : विसरला नव्हता. तो कधी येणार याचा अंदाज बदलला. कोकणातलं फेब्रुवारीअखेरचं हवामान समजून घ्यायचं तर याच एका गोष्टीपाशी थांबायला हवं. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटे मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात. सूर्य चढतो तशी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते, आणि दुपारच्या सुमाराला समुद्रावरची हवा तिची जागा घ्यायला आत शिरते, तोच खारा वारा. समुद्राचं पाणी या दिवसांत सव्वीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे वारा फिरला की पारा चढायचा थांबतो, पुष्कळदा उतरतो, आणि हवा चिकट होते. हे रोजचं. आता यात पूर्वेचं वारं घाला. कोल्हापूरची उंची साडेपाचशे-पावणेसहाशे मीटर आहे. तिथली कोरडी हवा घाट उतरून किनाऱ्याच्या पातळीला आली, की दाबामुळे दर किलोमीटरला साधारण दहा अंशांच्या हिशोबाने तापते. म्हणजे वर तीस अंश असलेली हवा खाली पोचेपर्यंत पस्तिशी ओलांडते, आणि तिला नवं ऊन लागायचंच असतं. शिवाय हे वारं समुद्राच्या वाऱ्याला अडवून धरतं. रोज अकराला येणारा खारा वारा दीडला येतो, कधी तीनला, आणि तेवढ्या दोन-चार तासांत पारा तेहतिसावरून अडतिसावर जातो. पूर्वेचा जोर किंचित कमी पडला, तर तोच दिवस साधासुधा होतो. इशारा द्यायचा की मागे घ्यायचा, हे त्या दोन-चार तासांवर अवलंबून असतं. मागे घेतला हा मी खात्याचा प्रामाणिकपणा समजतो. आपलं म्हणणं रेटत राहणं सोपं होतं.

शंकेखोर : तुमचं स्पष्टीकरण मला पटलं, आणि त्यामुळे माझी शंका वाढली. सगळा खेळ वारा किती वाजता फिरतो यावर असेल, तर तुमच्या पत्रकात वेळ कुठे आहे? पत्रकात दिवस असतो, उपविभाग असतो, फार तर जिल्हा. माझी कणी गळते ती बारा ते तीनच्या मधे. आणि जिल्हा म्हणजे तरी काय? रत्नागिरी जिल्ह्याचा एक पाय समुद्रात आणि दुसरा सह्याद्रीच्या कड्यावर. खाडीच्या तोंडाशी असलेल्या बागेत वारा अकराला शिरतो. तिथून सड्यावर चढेपर्यंत त्याला उशीर होतो, आणि चिपळूण-संगमेश्वरच्या खोलगटात पोचेपर्यंत संध्याकाळ होते. या सगळ्यांना इशाऱ्याचा एकच पिवळा रंग. वर तुमचा निकष. किनाऱ्यावर कमाल तापमान किमान ३७ अंश हवं, सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त हवं, तेही उपविभागातल्या निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस. मग ती उष्णतेची लाट. पारा साडेछत्तीसवर थांबला तर लाट नाही. कणीला हा निकष कुणी वाचून दाखवला आहे का? शिवाय तो आकडा सावलीतला, पांढऱ्या लाकडी पेटीत जमिनीपासून सव्वा मीटरवर ठेवलेल्या तापमापकाचा. तापलेल्या जांभ्यावर दक्षिणेच्या अंगाला लटकलेल्या फळाच्या सालीला काय लागतं, ते त्या पेटीला कधीच कळत नाही.

हवामानवेडा : निकष कणीसाठी केलेलाच नाही. तो माणसांसाठी, इस्पितळांसाठी, रस्त्यावर काम करणाऱ्यांसाठी आहे. मैदानात चाळीस आणि किनाऱ्यावर सदतीस असा फरक केला, तोही दमट हवेत घाम वाळत नाही म्हणून. पण तुमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. कोकणपट्टी सरासरी पन्नास-साठ किलोमीटर रुंद. खात्याचं जागतिक प्रारूप काल-परवापर्यंत बारा किलोमीटरच्या चौकटींवर चालत होतं. म्हणजे समुद्र ते घाटमाथा चार-पाच चौकटी. पुळण, खाडी, सडा आणि माडाची वाडी एकाच चौकटीत कोंबल्यावर खारा वारा किती वाजता कुठे पोचेल, हे त्या गणिताला दिसणारच कसं? २०२५ च्या मे महिन्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने घडवलेली भारत अंदाज प्रणाली खात्याने वापरात घेतली. तिची चौकट सहा किलोमीटरची आहे. म्हणजे जिथे एक चौकट होती तिथे चार झाल्या. सड्याची नि खाडीची ओळख वेगळी होण्याची ही सुरुवात आहे. जगभरातल्या आघाडीच्या प्रारूपांचा अनुभव असा, की दर दशकाला अंदाजाचा पल्ला साधारण एका दिवसाने वाढला.

शंकेखोर : तो अनुभव मुख्यतः समशीतोष्ण पट्ट्यातला आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तिथे मोठमोठ्या प्रणाली पश्चिमेकडून पूर्वेकडे शिस्तीत सरकतात, गणिताला धरायला दोरी मिळते. आपल्याकडे गोष्टी जागच्या जागी शिजतात. वादळांचं मात्र मी मानतो. १९९९ मध्ये ओडिशात जवळपास दहा हजार माणसं गेली आणि २०१३ च्या फायलिनमध्ये काही डझन. अंदाज आणि स्थलांतर यांची ही करामत, त्यात वाद नाही. आमच्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग आलं, त्याचाही माग बरोबर काढला होता. माणसं वाचली, माड, पोफळी, कलमं आडवी झाली, ती कुणी हलवू शकत नव्हतं. पण वादळ उपग्रहाच्या चित्रात डोळा वटारून बसलेलं दिसतं. फेब्रुवारीच्या दुपारी आकाश निळंशार असतं. त्या चित्रात बघण्यासारखं काही नसतं, आणि नेमकं तेव्हाच माझं वर्षाचं उत्पन्न ठरत असतं.

हवामानवेडा : निळ्या आकाशाचे दिवस बदलतायत, हे तरी मान्य कराल? १९०१ पासूनच्या नोंदींत देशाच्या कमाल तापमानाच्या सरासरीने २०२३ चा फेब्रुवारी सर्वांत उष्ण ठरला. दोनच वर्षांनी दिवस-रात्रीच्या एकत्रित सरासरीने २०२५ च्या फेब्रुवारीने पहिला नंबर घेतला. त्याच महिन्याच्या अखेरीस कोकण-गोव्यात लाटेचे इशारे निघाले आणि सांताक्रूझला पारा अडतिसाच्या वर गेला. त्या वेळी खारा वारा वेळेवर मदतीला आला नाही. खात्याच्या हिशोबात फेब्रुवारी अजून हिवाळ्यातच मोजतात. ज्या महिन्यात लाट अपेक्षितच नसायची, तिथे ती येऊ लागली, म्हणजे तुमच्या मनातला शिमगा जुना झालाय. तुम्ही माझं पत्रक वाचलं नाहीत, तरी एक अंदाज तुम्ही वापरताच. तो तुमच्या मागच्या वीस वर्षांचा. त्याची कुणी कधी तपासणी करत नाही.

शंकेखोर : लागलं. पण सरासरीवर तुम्हीही फार विसंबू नका. सरासरी तीस वर्षांची धरतात आणि दर दहा वर्षांनी ती पुढे सरकते. तापत्या काळात पुढे सरकलेली सरासरी म्हणजे वर सरकलेली सरासरी. उद्या पत्रकात तापमान सरासरीइतकं असं छापून येईल, आणि ती सरासरी माझ्या बापाच्या काळातली लाट असेल. कलमाला नव्या सरासरीशी काही देणंघेणं नाही.

हवामानवेडा : हे मी माझ्या बाजूने लिहून घेतो. आता तुमच्या टँकरकडे वळू, कारण खरी गाठ तिथे आहे. तुम्ही विचारता, लाट येणार का, हो की नाही. असं उत्तर दहा दिवस आधी कुणी देऊ शकत नाही आणि जो देतो त्याच्यापासून लांब राहावं. मिळते ती शक्यता. पण तिचं करायचं काय, याचा हिशोब अगदी सोपा आहे. धरा, पाणी आणि आच्छादन मिळून वीस हजार लागतात. काही केलं नाही आणि लाट आली, तर लाखाची कणी जाते. मग लाटेची शक्यता वीस टक्क्यांहून जास्त असेल तर पाणी द्यावं, कमी असेल तर गप्प बसावं. म्हणजे ज्या लाटेची शक्यता पन्नास टक्क्यांहून कमी आहे, तिच्यासाठीही टँकर आणणं शहाणपणाचं असू शकतं. आणि ती आली नाही तरी तो निर्णय चुकीचा नव्हता. मच्छीमारांना हे पटकन समजतं. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेची मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची माहिती त्यांना मिळते. त्या जागी मासा मिळेलच असं कुणी मानत नाही. डिझेल जाळून उगाच शोधत फिरण्यापेक्षा तिकडे जाणं बरं, इतकंच तांडेल बघतो.

शंकेखोर : तांडेल उद्या पुन्हा जातो, परवा पुन्हा जातो. त्याला वर्षभरात पुष्कळ डाव मिळतात. तिकडे येतोच. आधी तुमचं गणित दुरुस्त करू द्या. पाणी दिलं की सगळी कणी वाचते, असं तुम्ही गृहीत धरलंत. तसं होत नाही. पूर्वेचं कोरडं वारं सुटलं की ओल असूनही गळ होते. पाण्याने निम्मी वाचली तर नशीब. मग वीस हजार खर्चून वाचले पन्नास हजार, आणि तुमची वीस टक्क्यांची रेघ गेली चाळीसवर. ही दुरुस्ती कुठल्या पत्रकात आहे? फवारणीचा हिशोब तर आणखी अवघड. मळभाची शक्यता म्हणून मी तुडतुड्यावर फवारा मारला, तर त्याचा खर्च औषधाच्या बिलापाशी संपत नाही. उमललेल्या मोहोरावरच्या माश्या मरतात, आणि हापूसची फळधारणा त्यांच्याच पायांवर होते. हा खर्च तुमच्या रेघेत कुठे बसवायचा? शिवाय प्रत्येकाची रेघ निराळी. खंडाने बाग घेतलेल्याची वेगळी, कारण त्याला पुढच्या वर्षीच्या झाडाची फिकीर नसते. कर्ज काढून औषध आणलेल्याची वेगळी. काजूवाल्याची आणखी वेगळी. पत्रक मात्र सगळ्यांना एकच.

हवामानवेडा : म्हणूनच पत्रकाने शक्यता द्यावी आणि निर्णय देऊ नये. तुमची रेघ तुम्हीच आखू शकता. खात्याने पाणी द्या असा हुकूम काढला, तर तो काजूवाल्यालाही लागू होईल. आता तुम्ही केलीत ती दुरुस्ती बघा. वाचणारी कणी निम्मी, म्हणून रेघ चाळीसवर. अंदाज वापरायचा तो असाच. तुम्ही त्याला निरुपयोगी म्हणता म्हणता तो वापरलात.

शंकेखोर : कागदावर वापरला. आता मघाच्या डावांकडे येतो. सत्तर टक्के शक्यता म्हणजे काय, तर असं शंभर वेळा सांगितलं तर सत्तर वेळा घडतं. गणित म्हणून चोख. पण मला शंभर फेब्रुवारी मिळणार नाहीत. माझ्या हातात बाग आल्यापासून आणि मुलाच्या हाती देईपर्यंत पंचवीस-तीस मिळतील. त्यातले दोन ओळीने बुडाले तर तिसऱ्याला बाग माझी राहील की नाही, हे बँक ठरवेल. तीस वर्षांच्या सरासरीत मी फायद्यात असेन, पण ती सरासरी पूर्ण व्हायच्या आत मीच बाद झालेला असेन. शक्यतेची भाषा ज्याला पुष्कळ डाव खेळता येतात त्याची आहे. म्हणजे विमा कंपनीची. तिच्याकडे एकाच वर्षी हजारो बागा आहेत, माझ्याकडे एक बाग आणि एक दुपार.

हवामानवेडा : यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. अर्धं उत्तर आहे. डाव पुष्कळ हवेत, तर ते एकाने ओळीने खेळायचे किंवा अनेकांनी एकदम. गावातल्या चाळीस बागांनी मिळून टँकर ठरवले, एका वर्षी तुमच्या वाडीला पाणी आणि खर्चाची वाटणी सगळ्यांत, तर सत्तर टक्क्यांना अर्थ येतो. सहकाराचा जन्मच अशा गणितातून आहे. हवामान-आधारित फळपीक विमाही त्याच विचारावर उभा आहे.

शंकेखोर : उभा आहे, पण कुठे? महसूल मंडळात एक स्वयंचलित हवामान केंद्र असतं. तिथे ठरलेली तापमानाची किंवा पावसाची पातळी ओलांडली, तर भरपाई. माझ्या सड्यावर वारा तीनला फिरला आणि यंत्र जिथे खाडीकाठी उभं आहे तिथे अकराला, तर यंत्राच्या लेखी माझ्याकडे लाट आलीच नाही. म्हणजे वाऱ्याच्या वेळेतला जो फरक अंदाजाला दिसत नव्हता, तोच फरक विम्यालाही दिसत नाही. आणि दोन्हीकडून तो माझ्याच अंगावर येतो. अंदाज चुकला तर खात्याला काही भुर्दंड पडत नाही, यंत्राला दिसलं नाही तर कंपनीचा फायदा. तुमच्या चौकटी सहा किलोमीटरच्या झाल्या याचं मला कौतुक आहे. पण उरलेली अनिश्चितता कुणाच्या पदरात टाकायची, हे चौकटी ठरवत नाहीत.

हवामानवेडा : आता आपण खऱ्या जागी आलो. अंदाज बरा की वाईट, यावर मी तुमच्याशी भांडत होतो. तुम्ही चुकांचा भार कुणी उचलायचा याबद्दल बोलत होतात. तरी एक गोष्ट माझ्या बाजूला उरते. ते मंडळातलं यंत्र तापमानाबरोबर वाऱ्याची दिशा आणि वेगही नोंदतं. पूर्वेकडून पश्चिमेकडे वारा कधी फिरला, ते त्याच्या नोंदीत आहे, वर्षानुवर्षं. विम्याचा दावा निकालात काढण्यापलीकडे त्या नोंदींकडे फारसं कुणी बघत नाही. मंडळागणिक वारा फिरण्याची वेळ काढली आणि ती त्या दिवशीच्या पूर्वेच्या जोराशी लावून पाहिली, तर उपविभागाचा अंदाज सड्यापर्यंत उतरवता येईल. हे काम करायला जिल्ह्यात माणूस हवा. २०१८ नंतर देशभरात कृषी विज्ञान केंद्रांत १९९ जिल्हा कृषी हवामान घटक उभे राहिले होते. हवामान शिकलेला एक माणूस, तालुक्याचा अंदाज, गावाशी रोजचं बोलणं. २०२४ च्या सुरुवातीला ते बंद केले. कारण असं सांगितलं गेलं, की माहिती आता आपोआप तयार होते. माहिती होते हो. तुमची निम्म्या कणीची दुरुस्ती आपोआप होत नाही.

शंकेखोर : त्या माणसाला परत आणा, मी विरोध करणार नाही. पण एक विचारतो. तो माणूस मला म्हणाला, उद्या तुमच्या सड्यावर वारा दीडला फिरेल, पाणी द्या, आणि वारा अकराला फिरला. सात टँकर कुणाचे? तो म्हणेल, मी शक्यता सांगितली होती. म्हणजे अंदाज जितका जवळ येईल तितका मी त्यावर जास्त खर्च करणार, आणि चुकला तर जास्त बुडणार. ढोबळ अंदाज परवडतो, कारण मी तो मनावर घेत नाही. बारीक अंदाज मनावर घ्यावा लागेल. म्हणून मी म्हणतो, आधी विम्याची यंत्रं सड्यावर, खाडीवर, खोलगटात अशी वेगवेगळी लावा. भरपाई वाऱ्याच्या वेळेवर बेता. मग अंदाज बारीक करा.

हवामानवेडा : आणि मी म्हणतो, नेमकं उलटं. यंत्र कुठे लावायचं, भरपाई कोणत्या वेळेवर बेतायची, हे ठरवायला आधी त्या वेळांचा अभ्यास हवा. नोंदी न तपासता लावलेलं यंत्र पुन्हा खाडीकाठीच उभं राहील, कारण तिथे रस्ता आहे. तुम्ही भरपाईसाठी अडून बसाल, कंपनी नोंदींसाठी, आणि तोवर आणखी पाच शिमगे जातील.

शंकेखोर : जातील. पण पहिला खर्च माझ्या खिशातून नको.

हवामानवेडा : तो कुणाच्या खिशातून, हे खात्याच्या हाती नाही, तुमच्या-माझ्याही नाही. जिल्हा नियोजन समितीपुढे आणि पीकविम्याच्या जिल्हा बैठकीत हे मांडावं लागेल, आणि मांडायला बागायतदारच गेले पाहिजेत. जाताना मंडळातल्या यंत्राच्या फेब्रुवारीच्या वाऱ्याच्या नोंदी मागून घ्या. पुढचा विस्तारित अंदाज गुरुवारी निघेल. त्यात वारा फिरण्याची वेळ नसेल.